गाडी अडली ती दोन रुपयांच्या तारेपाशी

तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन म्हणजे हॉलभर टेबले, टेबलांवर थर्माकोलची धरणे आणि पवनचक्क्या. त्यात माढा तालुक्यातल्या सीनाकाठच्या एका माध्यमिक शाळेने यंदा चालता रोबो आणला होता. रोबो म्हणजे पुठ्ठ्याएवढी एक गाडी. समोर अडथळा आला की तिने थांबायचे, पुढचे 'डोळे' डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहायचे आणि मोकळी वाट धरून निघायचे. मुलांनी वर्गणी काढली, विज्ञानाच्या सरांनी पदरचे घातले, आणि दोन हजारांच्या आसपास खर्चात गाडी उभी राहिली. शाळेत ती आठ दिवस झकास चालली होती.

परीक्षक टेबलापाशी आले आणि गाडीने मान टाकली. हलवली की एक क्षण चाले, पुन्हा थांबे. नववीतली जी मुलगी प्रोग्राम लिहिण्यात पुढे होती, तिचा चेहरा उतरला. "सर, प्रोग्राम बरोबर हाय. काल रात्री धा वेळा बघितलाय," एवढेच ती म्हणत राहिली. परीक्षकांनी पाच मिनिटे वाट पाहिली आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांचा तरी काय दोष?

परतीच्या एसटीत मुलगी म्हणाली, "आपल्याला न्हाई जमत ही कामं. ही शहरातल्या पोरांची." सरांना हे वाक्य लागले. कारण घरी तिचे वडीलही तेच म्हणत होते. शेतमजुरी करणाऱ्या माणसाने वर्गणीचे शंभर रुपये दिले, ते पाण्यात गेले असे त्याला वाटले तर नवल नाही.

मिस्त्रींनी काढलेले निदान

गाडीचा दोष सापडला तो गावातल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात. पाण्याच्या जळक्या मोटारी भरून देणारे हे मिस्त्री सातवीपर्यंत शिकलेले. रोबो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण तारेशी त्यांचे तीस वर्षांचे नाते. त्यांनी मल्टिमीटर लावला आणि एकेक तार हलवून पाहिली. तिसऱ्याच तारेला काटा नाचू लागला.

"वरून धड दिसतीया, पर आतनं तुटलीय," ते म्हणाले. मग त्यांनी खणातून लोहचुंबक काढला आणि तारेच्या मधल्या भागाला टेकवला. तार चिकटली! "ह्ये तांबं न्हवं. वर मुलामा, आत लोखंड. पोरांचं डोकं चांगलं हाय सर, मालच खोटा."

बाजारात चाळीस तारांचे जे रंगीबेरंगी पुडके मिळते, त्याला जंपर वायर म्हणतात. शंभर रुपयांच्या आत-बाहेर ते येते, म्हणजे तार पडली दोन-अडीच रुपयांना. त्यातले स्वस्त पुडके असे निघते. आत चार-सहा केसांएवढे धागे, तेही कधी लोखंडाचे तर कधी ॲल्युमिनियमचे. पिनेची पकडही ढिली. गाडीचे डोळे ज्या छोट्या मोटारीवर फिरतात तिला सर्व्हो म्हणतात. ती फिरली की डोळ्यांच्या तारा दर वेळी वाकतात. टेबलावर ठेवलेल्या प्रयोगात अशी तार वर्षभर टिकेल, फिरत्या मानेवर आठवडाही काढत नाही.

नवे पुडके मागवावे तर टपालखर्च जवळजवळ वायरीइतका, माल यायला आठ दिवस, आणि येणारा माल पुन्हा तसलाच असण्याची शक्यता. तेव्हा सरांनी ठरवले, तारा आपणच करायच्या.

भंगारातले तांबे

शाळेच्या संगणक खोलीत सहा जुने संगणक बंद पडून आहेत. पण ते डेडस्टॉक रजिस्टरला. रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय त्यांचा स्क्रूसुद्धा काढता येत नाही. म्हणून सर कुर्डुवाडीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने पोतेभर भंगार पुढे ओतले आणि "लागेल ते न्या" म्हणाला.

त्या पोत्यात तीन कामाच्या वस्तू निघाल्या. पहिली, जुन्या हार्डडिस्कची राखाडी पट्टी. तिच्यात चाळीस तारा शेजारी शेजारी चिकटलेल्या असतात. एका कडेची तार लाल असते, तिच्यावरून क्रम मोजता येतो. या पट्टीतली तार बहुधा अनेक पदरी आणि मऊ, म्हणून हलत्या जागेला उत्तम. सर्व्होला तीन तारा लागतात, अंतर मोजणाऱ्या सेन्सरला चार. तेवढ्याच पट्टीतून फाडून घ्यायच्या म्हणजे गुंता होत नाही. काही पट्ट्यांत मात्र ऐंशी तारा असतात. त्या फार बारीक, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी, संगणकाच्या डब्याच्या तोंडाकडून येणाऱ्या छोट्या तारा. बटण आणि दिवे यांच्या त्या तारांना टोकाला तयार खाच असलेला काळा ठोकळा असतो. हा ठोकळा रोबोच्या बोर्डावरच्या पिनांवर नेमका बसतो, कारण दोन्हीकडे दोन पिनांतले अंतर एकच, २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. एका डब्यातून असे तीन-चार जोड मिळतात. काहीच करावे लागत नाही, फक्त जपून ओढायचे.

तिसरी, नेटवर्कची निळी किंवा करडी केबल. तिच्यात आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. कॅमेरे बसवणाऱ्या पोरांकडे तिचे हात-दीड हात तुकडे पडून असतात. एक मीटर केबल सोलली की आठ मीटर तार हाती येते. भिंतीतून ओढायच्या केबलमधली तार एकेरी आणि ताठ असते. ती भोकांच्या बोर्डात सरळ रुतते, पण वारंवार वाकवली की तुटते. मुलांनी आधी हीच तार गाडीच्या मानेला लावली होती, ती एका दुपारीत गेली. ताठ तार स्थिर जागी, पदरी तार हलत्या जागी, हा धडा त्यांना त्या दिवशी मिळाला.

तार घेताना मिस्त्रींची परीक्षा लक्षात ठेवावी. टोक ब्लेडने खरवडायचे. आतही लालसर तर तांबे. आत पांढरे तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. चुंबकाला चिकटले तर लोखंड. मात्र चुंबक तारेच्या मध्यावर लावावा, टोकाची पिन चांगल्या मालातही लोखंडाची असू शकते. आणि एक, वेष्टन काढायला तार जाळू नये. त्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो. सोलूनच काढावी.

टोक बसले तर तार टिकली

वायरीचे खरे कसब टोकात आहे. पत्र्याची छोटी पिन आणि तिच्यावर चढणारा काळा ठोकळा, दोन्ही मिळून टोकाला रुपया-दोन रुपये पडतात. पिनेला दोन जोड पंख असतात. पुढच्या पंखांनी उघडे तांबे पकडायचे, मागच्या पंखांनी प्लास्टिकचे वेष्टन. मुले घाईत मागचे पंख तसेच सोडतात. मग सगळा ताण तांब्यावर येतो आणि तार तिथेच तुटते. यासाठी खास पक्कड मिळते, पण ती हजाराच्या घरात जाऊ शकते. चार शाळांनी मिळून एक घेतली तर परवडेल. ती नसेल तर बारीक तोंडाच्या पक्कडीने एकेक पंख दुमडावा आणि सोल्डरिंगचा अगदी छोटा थेंब द्यावा. जास्त दिला तर तार आतून ताठ होते आणि थेंबाच्या कडेला मोडते. सोल्डरमध्ये शिसे असते, तेव्हा काम झाल्यावर हात साबणाने धुवून मगच डबा उघडायचा.

टोकापासून बोटभर अंतरावर तार गाडीला बांधून टाकावी. सरांनी त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. ओढ बसली तर ती ट्यूबवर बसते, पिनेवर नाही.

बारीक कुठे, जाड कुठे

सगळ्याच तारा बारीक करून भागत नाही. सर्व्होला बोर्डाकडून जो संदेश जातो तो म्हणजे विजेचा एक ते दोन मिलिसेकंदांचा ठोका, सेकंदाला पन्नास वेळा. त्याला विजेची ताकद लागत नाही, पट्टीतली बारीक तार पुरते. पण मोटारीला करंट लागतो. पट्टीतली तार एक मीटर लांब घेतली तर जाऊन-येऊन जवळजवळ ०.४ ओहम रोध होतो. छोटी सर्व्हो अडकली की ०.७ ॲम्पिअरपर्यंत ओढते. म्हणजे पाच व्होल्टमधले पाव व्होल्टहून जास्त तारेतच गेले. बॅटरी थोडी उतरलेली असेल तर बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि मुले बिचारी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. म्हणून प्लस-मायनसच्या तारा जाड आणि आखूड ठेवाव्यात. विहिरीवरच्या मोटारीला बारीक केबल टाकली तर काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. हा त्याचाच लहान भाऊ.

मोटारीला वेगळी बॅटरी असेल तर तिची मायनस आणि बोर्डाची मायनस एकत्र जोडलीच पाहिजे. नाहीतर संदेशाला परतीची वाट नाही. संदेशाची तार लांब असेल तर तिला मायनसच्या तारेचा पीळ द्यावा आणि मोटारीच्या तारांपासून ती दूर न्यावी. रंगाची शिस्तही पाळावी. बहुतेक सर्व्होंना तपकिरी किंवा काळी मायनस, मधली लाल प्लस, आणि नारिंगी, पिवळी किंवा पांढरी संदेशाची. प्लस मध्ये असल्यामुळे टोक उलटे बसले तरी बहुधा जळत नाही.

विकत घ्यायचेच असेल तर

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही या मालाची जुनी ठिकाणे. गावातले कोणी पुण्याला जाणार असेल तर यादी द्यावी. तयार जंपरपेक्षा रंगीत पट्टी मीटरवर घ्यावी, पिना आणि ठोकळे सुटे घ्यावेत. जाताना खिशात चुंबक ठेवावा. दुकानदार रागावत नाही, उलट गिऱ्हाईक जाणकार आहे हे ओळखतो.

केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान ठेवलेले आहे. पण गावोगावच्या कितीतरी शाळांच्या वाट्याला ती लॅब आलेली नाही. त्यांनी थांबून राहायचे का? शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तो हाताने काम करता करता शिकावे याच विचाराने. एक सोल्डरिंगची इस्त्री, एक मल्टिमीटर आणि भंगाराचा एक डबा यांनी सुरुवात होते.

या शाळेत आता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तारा असतात. प्रत्येक तारेला लांबी लिहिलेली कागदाची चिठ्ठी. वापरण्याआधी तार मीटरवर हलवून पाहायची, हा नियम त्या नववीतल्या मुलीने केला आहे आणि तो ती सरांनाही मोडू देत नाही. गाडी शाळेच्या स्नेहसंमेलनात दोन तास चालली. मुलीचे वडील मागच्या रांगेत उभे राहून पाहत होते. घरी जाताना त्यांनी एवढेच विचारले, "ह्यातली तार तू केलीस व्हय?"

शिक्षण खात्याने एवढेच करावे. बंद संगणकांचे निर्लेखन वेळेवर करावे आणि त्यातल्या तारा, पट्ट्या भंगारवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी शाळेच्या प्रयोगशाळेला द्याव्यात. याला वेगळे अनुदान लागत नाही.