कॉलर माईक घ्यायचाय? वायरचा की वायरलेस?

आजचा भाग जरा टेक्निकल आहे, पण सुरुवात एका चुकीने करतो. चूक माझीच.

माझं ऑफिस महाप्याला. आमच्या टीममधला एक मित्र महापे गावातलाच, आगरी घरातला. त्याची आजी धवला गाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आगरी लग्नात एकेक विधी गाण्यातून पार पाडणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. ही गाणी तोंडी चालत आलेली, त्यामुळे गाणारी बाई थांबली की गाणंही थांबायची भीती. मित्र म्हणाला, "आजीचा व्हिडिओ करू या." मी नवाकोरा वायरलेस माईक घेऊन गेलो. ट्रान्समीटर आजींच्या कमरेला मागच्या बाजूला खोचला, माईक पदराला लावला, रिसीव्हर फोनला जोडला. आजी पाऊण तास गायल्या. घरी येऊन ऐकलं तर एका गाण्यात मध्येमध्ये आवाजच गायब!

पुढच्या रविवारी विचारलं, "आजी, ते परत म्हणाल का?" आजी हसल्या. "आता तसा नाय येवाचा रं." वेगळं गाणं म्हणाल्या, ते नाही.

तर नेमकं बिघडलं काय?

हवेतली गर्दी

फोनसाठीचे बहुतेक वायरलेस माईक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. या पट्ट्याला वेगळा परवाना लागत नाही, म्हणून तिथेच वायफाय, तिथेच ब्लूटूथ. वायफायला या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल धड तीनच मिळतात: १, ६ आणि ११. आता महाप्याचा विचार करा. एका बाजूला आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला कंपन्या, मध्ये गाव, आणि घराघरात राउटर. माईक बिचारा जागा बदलत बदलत वाट काढतो, पण कधीतरी अडकतोच.

त्यात मी दोन चुका केल्या. एक, ट्रान्समीटर आजींच्या पाठीमागे आणि रिसीव्हर समोर. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. म्हणजे मध्ये आजी स्वतःच भिंत झाल्या. दुसरी चूक जास्त लाजिरवाणी: ज्या फोनला रिसीव्हर लावला होता, त्याच फोनवर हॉटस्पॉट चालू होतं! रिसीव्हरच्या कानाशी बसून कोणी ओरडत राहावं, तसं.

खोक्यावर लिहिलेलं १०० मीटर वगैरे अंतर मोकळ्या मैदानातलं असतं, मध्ये काही आडवं नसताना. घरात ते धरू नका.

वायरचं काय?

वायरच्या माईकला ही भानगडच नाही. आवाज तारेतून थेट फोनमध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर वायर म्हणजे लोकल डिस्क आणि वायरलेस म्हणजे नेटवर्क कॉल. नेटवर्क कधीतरी फेल होणार हे धरूनच आपण कोड लिहितो ना? मग माईकच्या वेळी का विसरतो?

हजाराच्या आसपास चांगला वायरचा कॉलर माईक मिळतो. बोया बीवाय-एम१ तुम्ही पाहिला असेल, सहा मीटर वायरवाला. त्याच्या डबीवर एक बटण असतं. फोनला लावताना ते 'स्मार्टफोन' बाजूला हवं. 'कॅमेरा'वर राहिलं तर आवाज बिघडतो आणि आपण माईकला शिव्या घालतो.

पण वायरचीही दुखणी आहेत. कपड्याला घासली की खरखर येते. त्यावर उपाय म्हणजे माईकच्या खाली वायरचा छोटा वेढा करून कपड्याच्या आतून टेप लावा. माणूस विसरून उठला की फोन ट्रायपॉडसकट खाली. आणि फोनला जॅक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागतो. स्वस्तातले काही अडॅप्टर फक्त ऐकण्यापुरते असतात, माईक चालतच नाही. घेतानाच दुकानात रेकॉर्ड करून बघा.

मग घ्यायचा कुठला?

स्वतःला दोन प्रश्न विचारा.

पहिला: बोलणारा माणूस हलणार आहे का? बसून मुलाखत, पॉडकास्ट, शिकवणीचे व्हिडिओ असतील तर वायर. चालत-फिरत, बाजारात, किल्ल्यावर, रेसिपी करताना असेल तर वायरलेस. तिथे वायर पायात येणारच.

दुसरा: हे पुन्हा रेकॉर्ड करता येईल का? रील बिघडलं तर परत करू. आजीचं गाणं, लग्नातलं भाषण, आंदोलनातली साक्ष परत मिळत नाही. तिथे वायर, किंवा ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग साठवणारा वायरलेस. तो महाग असतो, पण सिग्नल तुटला तरी आवाज आत राहतो. तेवढं बजेट नसेल तर दुसरा फोन शेजारी ठेवून त्यावरही रेकॉर्ड करा. फुकटचा बॅकअप.

आणखी एक. वायरलेसवर 'नॉइज कॅन्सल' बटण असतं. गाण्यासाठी ते बंद ठेवा. पंख्याची घरघर काढता काढता ते लांब धरलेला सूरही कापू शकतं, आणि कापलेला सूर नंतर परत आणता येत नाही.

ब्लूटूथ इअरबड चालतील का, असंही विचारलं जातं. नको. त्यांचा माईक चालू झाला की आवाज बहुधा फोन कॉलच्या दर्जाचा होतो, शिवाय ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

पैशापेक्षा मोठी गोष्ट

फोन दोन मीटरवर आणि माईक वीस सेंटीमीटरवर, म्हणजे अंतर दहापट कमी. तेवढ्याने आवाज साधारण २० डेसिबलने वर येतो, खोलीतला गोंगाट मात्र आहे तिथेच राहतो. खरा फायदा हा आहे, आणि तो वायरमध्येही मिळतो. हनुवटीखाली वीतभर अंतरावर माईक लावा, बस.

आणि शेवटचं: अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, इअरफोन लावून ऐका, मगच खरं सुरू करा. काही फोनचं कॅमेरा ॲप बाहेरचा माईक घेतच नाही, आणि स्क्रीनवर त्याचा पत्ता लागत नाही. संपल्यावरही तिथेच बसून मधला तुकडा ऐका. मी त्या दिवशी आजींच्या ओटीवर दोन मिनिटं ऐकलं असतं, तर त्यांचा सूर लागलेला असतानाच परत विचारता आलं असतं.

दुसऱ्या रविवारी मी वायरचा माईक नेला होता. ते गाणं स्वच्छ आलंय. पहिलं गाणं तुकड्यातुकड्यांत आहे, तेही जपून ठेवलंय.

तुमच्या घरात कोणी गाणारं, सांगणारं असेल तर या आठवड्यात बसा त्यांच्याजवळ. हॉटस्पॉट बंद करून! भेटू पुढच्या भागात.