व्हिडिओ अटकला? चला अटकेपार!

सस्पेन्स शिगेला पोचलाय, खुनी आता मागे वळणार, आणि स्क्रीनवर गरगर फिरणारं चक्र! सिनेमातला खुनी राहू दे, आधी व्हिडिओचा मारेकरी शोधू. बहुतेक वेळा तो घरातच लपलेला असतो.

दोन सेकंदांची माया
माहीत आहे का? अकामाई कंपनी आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली तब्बल २ कोटी ३० लाख वेळा पाहिले गेलेले व्हिडिओ तपासले. व्हिडिओ सुरू व्हायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले की लोक कलटी मारायला लागतात! मॅगीला दोन मिनिटं देणारे आपण, व्हिडिओला मात्र फक्त दोन सेकंद.

दुर्बिणीलाही चकवा!
ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून गूढ सिग्नल मिळायचे. एलियन? छे! २०१५ मध्ये भांडं फुटलं. कुणीतरी चालू मायक्रोवेव्हचं दार घाईघाईत उघडत होतं! घरचा मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि वायफायचा २.४चा बँड त्याला अगदी खेटून. म्हणून पॉपकॉर्न फुटतात आणि पिक्चर अडकतो. उपाय? वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका, नाहीतर सरळ लॅन केबल जोडा.

वेळच वाईट!
नेट झकास, तरी साइट उघडेना? खाली कोपऱ्यातली तारीख बघा. कॉम्प्युटरचं घड्याळ भलतंच मागे गेलं असेल तर ब्राउझर साइटच्या सिक्युरिटी सर्टिफिकेटवर विश्वासच ठेवत नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. सेल बदला, वेळ सुधारेल. अक्षरशः!

हिरवा सिग्नल, पण गाडी बंद
आवाज येतोय आणि पडदा हिरवागार? हिरवाच का, माहीत आहे का? व्हिडिओत उजेड आणि रंग यांचे आकडे वेगवेगळे साठवतात. ते सगळे शून्य झाले की हिशेबातून काळा नाही, हिरवा रंग निघतो! बऱ्याचदा दोषी असतो ग्राफिक्स ड्रायव्हर. तो अपडेट करा किंवा ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा.

आठाचा घाट
प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण डाउनलोड दिसतं सेकंदाला १२ एमबीच्या आसपास. फसवणूक? नाही हो! प्लॅन मोजतात बिटमध्ये, फाइल बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फोर-के व्हिडिओला १५ एमबीपीएस पुरतात. स्पीड टेस्ट एकदा केबलवर करा, एकदा वायफायवर. आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला, तर राउटरची जागा बदला. कपाटामागे लपवलेला राउटर काय कामाचा?

बफरिंगचा सापळा
२०१० मध्ये यूट्यूबने गंमत केली होती. व्हिडिओ लोड होताना कीबोर्डवरचे बाण दाबले की फिरणाऱ्या ठिपक्यांचा साप व्हायचा आणि स्नेक गेम सुरू! व्हिडिओ अडकावा म्हणून देव पाण्यात ठेवायचे दिवस.

नर्डांचा एक्स-रे
आजही यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. ‘बफर हेल्थ’ शून्याकडे घसरतेय? नेट लंगडतंय. बफर ठणठणीत, पण ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ वाढताहेत? कॉम्प्युटर दमलाय. उघडे टॅब बंद करा. मग इन्कॉग्निटो विंडोत तोच व्हिडिओ लावा. तिथे सुसाट पळाला तर बहुधा एखादं एक्स्टेन्शन रंगेहाथ सापडलं!

२४० ऑल आउट
१९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, वर्ल्ड कप फायनल. हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक, तेव्हाचा विक्रम! सर्व्हर तगले, २४० वर आटोपलो ते आपण. अशा गर्दीच्या दिवशी क्वालिटी हाताने कमी करावी, मॅच सहसा अडकत नाही. शिवाय हरलोच, तर ४८०पीमध्ये दुःखही जरा धूसर दिसतं!