पाळकाची उमेदवारी

उमेदवार म्हटलं की आज डोळ्यांपुढे निवडणूक येते. पण या शब्दाला एक जुना अर्थ आहे. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात किंवा सराफाच्या पेढीवर तुटपुंज्या पगारावर, कधी बिनपगारीही, राहून काम शिकायचा तो उमेदवार. दागिना घडवायला असं शिकता येतं हे कुणीही मान्य करील. पण चर्चचा पाळक? त्याला हिब्रू आणि ग्रीक यायला हवी, धर्मशास्त्र यायला हवं, आणि ते शिकवायला सेमिनरी असते.

सिडनीतल्या काही मंडळींना हे पुरेसं वाटलं नाही. फिलिप जेन्सन हे अँग्लिकन पाळक 1970च्या दशकात तिथल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात चॅप्लिन होते. पदवी हातात पडलेल्या काही तरुणांना त्यांनी 1979 मध्ये विचारलं, नोकरीला लागण्याआधी दोन वर्षं माझ्याबरोबर काम करता का? यातूनच ‘मिनिस्ट्री ट्रेनिंग स्ट्रॅटेजी’, म्हणजे एमटीएस, उभी राहिली. पुढे कॉलिन मार्शल यांनी तिची घडी बसवली आणि ऑस्ट्रेलियाभरच्या चर्चनी ती उचलली. ब्रिटनमध्येही अशा योजना आता सर्रास दिसतात.

उमेदवार करतो काय? पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याबरोबर चहा घेता घेता मार्कचं शुभवर्तमान वाचतो. रविवारी मुलांचा वर्ग घेतो. छोट्या गटाचा बायबल अभ्यास चालवतो, कधी प्रवचनही देतो. खुर्च्या मांडणं तर आलंच. कुठल्याही धर्माच्या कार्यकर्त्याला ते चुकलेलं नाही. नियमितपणे तो आपल्या पाळकासमोर बसतो. काय जमलं, काय फसलं, कुणाशी बोलताना आवाज चढला, याचा हिशेब तिथे होतो. तीन गोष्टी पाहिल्या जातात : श्रद्धा पक्की आहे का, स्वभाव कसा आहे आणि काम येतं का. पहिलीची आणि तिसरीची परीक्षा कॉलेज घेऊ शकेल. मधलीची कशी घेणार? चिडका माणूसही ग्रीकमध्ये पहिला येऊ शकतो.

ही कल्पना नवी मुळीच नाही. येशूने बारा जणांना निवडलं ते आधी आपल्या सोबत राहण्यासाठी, असं मार्कच लिहितो. पौल तीमथ्याला प्रवासात बरोबर घेऊन फिरला. रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत, 1563 साली, प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी काढावी असा ठराव केला. प्रॉटेस्टंट न्यू इंग्लंडमध्ये मात्र पदवीनंतर एखाद्या अनुभवी पाळकाच्या घरी राहून शिकण्याची रीत पुढेही टिकली. कनेक्टिकटमधल्या बेथलेहेम गावचे जोसेफ बेलामी यांनी अठराव्या शतकात पन्नासाहून अधिक पाळक असे घरीच तयार केले. त्यांच्याच टेबलावर जेवायचं, त्यांचीच पुस्तकं वाचायची आणि त्यांच्यासमोरच वाद घालायचा. अँडोव्हर सेमिनरी 1807 मध्ये निघाली आणि हळूहळू ही घरगुती शाळा मागे पडली.

दोन्ही पद्धतींत शिकलेला एक माणूस महाराष्ट्रात आला होता. गॉर्डन हॉल आधी कनेक्टिकटमध्ये एबनेझर पोर्टर या पाळकाच्या हाताखाली शिकले आणि मग अँडोव्हरला गेले. 1813 मध्ये ते मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. नाशिक भागात फिरत असताना 1826 मध्ये पटकीने त्यांचा अंत झाला.

एमटीएसची घडी बसवणाऱ्या मार्शल यांनी टोनी पेन यांच्यासह 2009 साली लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘द ट्रेलिस अँड द व्हाइन’. द्राक्षबागायतदाराला ते समजावून सांगावं लागणार नाही : मांडव आणि वेल. कमिट्या, इमारती, वेळापत्रकं हा मांडव. माणसं ही वेल. चर्चचा सगळा वेळ मांडवाच्या डागडुजीत जातो आणि वेलीकडे कुणी फिरकत नाही, ही लेखकांची तक्रार. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांना ती तशीच लागू पडावी.

खोट या पद्धतीतही आहे. गुरूची लकब शिष्य उचलतो, तसा गुरूचा हेकाही उचलतो. पाळक आळशी असेल तर उमेदवार म्हणजे फुकटचा मदतनीस. पैशाचा प्रश्न वेगळाच. बऱ्याच ठिकाणी उमेदवाराने आपला खर्च नातलग, मित्र आणि मंडळी यांच्याकडून उभा करायचा असतो. ज्याच्या ओळखी खात्यापित्या घरांत, त्याला ते सोपं. ज्याच्या पगाराची घरी वाट पाहिली जाते, त्याला ही दोन वर्षं परवडणं कठीण.

दोन वर्षांनंतर काही जण आपल्या मूळ व्यवसायाकडे परततात. त्यांना नापास समजणं चूक ठरेल. हे आपलं काम नव्हे हे चोविसाव्या वर्षी कळलेलं बरं. पन्नाशीत कळलं तर मंडळीचेही हाल होतात.

आणि हा जवळचा रस्ता आहे, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. सिडनीतल्या बहुतेक अँग्लिकन पाळकांचं शिक्षण मूर कॉलेजात होतं. थॉमस मूर या जहाजबांधणीच्या सुताराने मागे ठेवलेल्या इस्टेटीवर 1856 मध्ये ते सुरू झालं. तिथला पूर्ण अभ्यासक्रम चार वर्षांचा. उमेदवारी त्याच्या बदल्यात नाही, त्याच्या आधी करायची असते. विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाला दीक्षेपर्यंत पोहोचायला त्यापुढे किमान सहा वर्षं लागतात.