जैवगतिक शेती आणि बरगंडीचे द्राक्षमळे

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात, बोन नगराच्या दक्षिणेस, प्युलिनी-मोंत्राशे नावाचे एक लहानसे खेडे आहे. पांढऱ्या द्राक्षमद्यासाठी त्याची कीर्ती जगभर पसरलेली आहे. तेथील लफ्लेव्ह घराण्याचे मळे सुमारे २४ हेक्टरांचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जोसेफ लफ्लेव्ह यांनी ते जमवले, पुढे मुलांनी सांभाळले, आणि १९९० साली त्यांची नात आन-क्लोद ही आपल्या चुलतभावासह कारभार पाहू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रांतात रासायनिक खते आणि तणनाशके यांचा सुकाळ झाला होता. बरगंडीची माती निर्जीव होत चालली आहे, असा इशारा क्लोद बूर्गिन्यों हे मृत्तिकाशास्त्रज्ञ त्या सुमारास देत होते. जिच्यावर घराण्याची कीर्ती उभी, ती मातीच मेली तर पुढच्या पिढीच्या हाती काय द्यावयाचे? या चिंतेतून आन-क्लोद यांनी जैवगतिक शेतीचा प्रयोग आरंभला.

जैवगतिक, म्हणजे ज्याला ‘बायोडायनॅमिक’ म्हणतात, तो हा प्रकार आहे तरी काय? व्याख्यानांच्या या उत्सवात सांगण्याजोगी गोष्ट अशी की, त्याचा उगम एका व्याख्यानमालेतच झाला. जून १९२४ मध्ये रूडॉल्फ स्टायनर यांनी कोबरविट्झ येथे आठ व्याख्याने दिली. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये आहे. शेत म्हणजे एक सजीव देह असून जनावरे, खत, पीक व माती ही त्याची अंगे होत, असा त्यांचा मूळ सिद्धान्त. येथवर आपल्या शेतकऱ्याला नवल वाटण्याचे कारण नाही. नवल पुढेच आहे.

गायीच्या शिंगात शेण भरून ते शरद ऋतूत जमिनीत पुरावयाचे आणि वसंतात उकरून काढावयाचे. त्यातील सुमारे शंभर ग्रॅम शेण हेक्टरमागे तीसेक लिटर पाण्यात घालून तासभर ढवळावयाचे. ढवळताना भोवरा पडला की दिशा उलटी करावयाची. मग ते पाणी जमिनीवर शिंपडावयाचे. गारगोटीची पूडही अशीच शिंगात भरून उन्हाळाभर पुरतात आणि पानांवर फवारतात. यांखेरीज कॅमोमाईलची फुले, ओकची साल इत्यादींपासून केलेली द्रव्ये शेणखतात मिसळतात. मारिया थुन यांनी पुढे चांद्र दिनदर्शिका रचली. तीप्रमाणे चंद्र मेष, सिंह वा धनु राशीत असता तो फळाचा दिवस मानतात.

येथे कोणी म्हणेल, आपणही नक्षत्रे पाहूनच पेरतो. पण हे साम्य वरवरचे आहे. मृग, आर्द्रा ही आपली पर्जन्यनक्षत्रे सूर्यावरून ठरतात, आणि सूर्याचा ऋतूशी संबंध उघड आहे. चंद्राच्या राशीचा फळाशी असलेला संबंध मात्र कोणी सिद्ध केलेला नाही.

मग या खटाटोपाचा लाभ कोणता? स्वित्झर्लंडमध्ये थेरविल येथे १९७८ पासून रासायनिक, सेंद्रिय व जैवगतिक शेती शेजारीशेजारी करून पाहण्यात येत आहे. तेथील २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. सेंद्रिय व जैवगतिक शेतांत उत्पन्न सरासरीने २० टक्के घटले, परंतु खतांची मात्रा ३४ ते ५३ टक्के कमी लागली आणि मातीतील जीवसृष्टी समृद्ध झाली. यातला मोठा वाटा शेणखताचा व विषारी फवारे टाळल्याचा आहे, शिंगाचा किती हे वेगळे काढता येत नाही. तथापि जो मळेवाला तासभर पाणी ढवळतो, तो वेलीवेलीपाशी जातोही. पानावरचा डाग त्याला आधी दिसतो. आमच्या मते या पद्धतीचे बळ मंत्रात नसून या नजरेत आहे. आणि अशी नजर, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबापाशी सहज असते. आन-क्लोद यांनी सात वर्षे प्रयोग पाहून मगच, १९९७ साली, सारे मळे या पद्धतीखाली आणले. २०१५ साली त्यांचे निधन झाले, पण घराण्याने ती पद्धत सोडली नाही.

परंतु नजर कितीही तीक्ष्ण असली, तरी रोग कुंपण जाणत नाही. केवडा आणि भुरी हे नाशिककडील बागायतदारांचे वैरी तेथेही आहेत, आणि मोरचूद व गंधक यांची फवारणी जैवगतिक मळ्यांतही करावी लागते. याहून कठीण प्रसंग २०१३ साली आला. वेली पिवळ्या पाडून मारणारा, तुडतुड्यांनी पसरणारा एक रोग बोनच्या परिसरात आढळला आणि सर्व मळ्यांवर कीटकनाशक फवारण्याचा सरकारी हुकूम सुटला. एमान्युएल जिबूलो या जैवगतिक मळेवाल्याने तो मानला नाही. त्यांच्या वडिलांनीच १९७० च्या दशकात रसायने सोडली होती. माझ्या मळ्यात रोग नाही, आणि फवाऱ्याने उपकारक कीटकही मरतील, हे त्यांचे म्हणणे. त्याच्या मळ्यातून रोग पसरला तर आमच्या वेली उपटाव्या लागतील, हे शेजाऱ्यांचे भय. एप्रिल २०१४ मध्ये त्यांना दंड झाला, डिसेंबरमध्ये अपिलात ते निर्दोष सुटले. खटला मिटला, प्रश्न मिटला नाही.

आमचे सांगणे एवढेच की, माती ही एका पिढीची मालमत्ता नव्हे आणि एका मळ्याचीही नव्हे. मातीसाठी तोटा सोसण्याची जी तयारी या कुटुंबांनी दाखवली, ती आदरास पात्र आहे. तिच्याबरोबर दोन कर्तव्ये मात्र येतात: आपल्या श्रद्धेला मोजमापाची कसोटी लावणे, आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याचे भय आपले मानणे.