दत्तकविधान : मूल घरी येण्यापूर्वी करावयाचा विचार

हिंदू परंपरेत दत्तकविधानाचा हेतू प्रामुख्याने वंश चालावा आणि पिंडदानाला पुत्र असावा हा होता, म्हणून दत्तक घेतला जाई तो मुलगाच. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलींनाही हे दार उघडले आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तर मुलाला कुटुंब मिळणे हेच दत्तकविधानाचे प्रयोजन ठरवले. आज भारतात मूल दत्तक घेण्याच्या मुख्य वाटा या दोन कायद्यांतूनच जातात, आणि वाट चुकली तर त्याची झळ मोठ्यांपेक्षा त्या मुलालाच, तीही पुष्कळदा अनेक वर्षांनी, बसते.

बाल न्याय कायद्याची वाट सर्व धर्मीयांना खुली आहे. अनाथ, सोडून दिलेल्या किंवा आईवडिलांनी स्वेच्छेने सुपूर्द केलेल्या मुलाला बालकल्याण समिती दत्तकासाठी मुक्त घोषित करते. मूल सुपूर्द करणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी ६० दिवसांची मुदत असते. इच्छुक पालक ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करतात, समाजसेवक घरी येऊन कुटुंबाचा अहवाल तयार करतात आणि पुढे क्रमाने मूल सुचवले जाते. एकट्या स्त्रीला मुलगा वा मुलगी, तर एकट्या पुरुषाला केवळ मुलगाच दत्तक घेता येतो. अंतिम आदेशाचा न्यायालयाचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवण्यात आला. या वाटेवर सर्वसाधारण प्रकरणात वकिलाची गरज क्वचितच भासते. मात्र प्रसूतिगृहातून परस्पर बाळ मिळवून देतो असे सांगून पैसे मागणारा मध्यस्थ भेटला, तर त्याच्यापासून दूरच राहिले पाहिजे, कारण मुलाची खरेदी-विक्री हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे.

खरी गुंतागुंत नात्यातल्या दत्तकात असते. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू असलेल्या १९५६ च्या कायद्यानुसार मूल सामान्यतः १५ वर्षांखालील व अविवाहित असावे लागते. हयात मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्या नातवाचा मुलगा असताना मुलगा दत्तक घेता येत नाही, आणि मुलगी किंवा मुलाची मुलगी असताना मुलगी घेता येत नाही. जन्मदात्यांनी मूल प्रत्यक्ष देणे व दत्तक पालकांनी ते स्वीकारणे हा या विधीचा गाभा असून दत्तहोम अनिवार्य नाही. दोन्ही पक्षांच्या सह्यांचे दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवले, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत दत्तक कायदेशीर झाल्याचे न्यायालय गृहीत धरते. केवळ नोटरी केलेल्या मुद्रांक कागदाला हे बळ नसते. पुतण्याला मांडीवर घेतलेला काका वारला, सातबाऱ्यावर वारसनोंद करताना चुलत भावंडांनी हरकत घेतली आणि विधीचे साक्षीदार हयात नसले, म्हणजे त्या कागदाचे तोकडेपण उघड होते. तोवर दत्तकपुत्र स्वतः चाळिशीत पोचलेला असतो.

म्हणून नात्यातले मूल घेताना, दुसऱ्या विवाहानंतर जोडीदाराच्या मुलाला दत्तक घेताना, जन्मदात्यांपैकी एकाची संमती मिळत नसताना किंवा एक पक्ष परदेशात राहत असताना कौटुंबिक कायद्याच्या वकिलाचा सल्ला मूल घरी येण्यापूर्वीच घ्यावा. परदेशी नेण्यासाठी ‘कारा’चे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. मुस्लिम, ख्रिस्ती वा पारशी कुटुंबांनी १८९० च्या पालकत्व कायद्याखाली केवळ पालकत्व मिळवले असेल, तर त्यातून मुलाला वारसाहक्क मिळत नाही व ते पालकत्व मूल सज्ञान होताच संपते, हेही वकिलाकडून समजून घ्यावे. मालमत्तेविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : दत्तक गेलेल्या मुलाकडे आधीच आलेली मालमत्ता त्याच्याकडेच राहते, परंतु अन्य करार नसेल तर दत्तक पालकांचा आपली मालमत्ता मृत्युपत्राने इतरांना देण्याचा अधिकारही अबाधित राहतो. विधिवत झालेले दत्तक १९५६ च्या कायद्याखाली पुढे रद्द करता येत नाही, त्यामुळे हे प्रश्न सही करण्याआधीच विचारायचे असतात. वकिलाचे शुल्क परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते. स्त्रिया व बालके यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते.