विश्लेषण : ओस पडलेले गाव निर्वासितांनी भरले, मग महापौराची खुर्ची का गेली?

इटलीच्या दक्षिण टोकाला कालाब्रिया प्रांतात रिआचे नावाचे जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव आहे. आपल्या हिशेबात ते ग्रामपंचायतीएवढे. पण इटलीत एवढ्याशा गावाच्या प्रमुखालाही महापौरच म्हणतात. या गावाचे महापौर दोमेनिको ऊर्फ मिम्मो लुकानो यांना जगभर मानसन्मान मिळाला, १३ वर्षांची कैद सुनावली गेली, लोकांनी पुन्हा निवडून दिले आणि २०२५ मध्ये न्यायालयाने महापौरपदावरून दूर केले.

रिआचेत नेमके काय घडले?

१९७२ मध्ये येथील समुद्रात दोन प्राचीन ग्रीक कांस्यपुतळे सापडले. गावाची ओळख तेवढीच. कामधंदा नसल्याने तरुण उत्तर इटलीत, परदेशात निघून गेले. डोंगरावरच्या जुन्या वस्तीत कुलुपे लागली. १ जुलै १९९८ रोजी कुर्द निर्वासितांची एक बोट किनाऱ्याला लागली. शाळेत शिकवणारे लुकानो यांनी त्यांना रिकाम्या घरांत ठेवण्याची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ‘चित्ता फुतुरा’ (भावी शहर) ही संस्था सुरू झाली. २००४ मध्ये ते महापौर झाले. सलग तीन वेळा निवडून आले.

निर्वासितांमागे रोज सुमारे ३५ युरो सरकारी अनुदान मिळे. त्यातून घरे दुरुस्त झाली, विणकाम आणि कुंभारकामाच्या कार्यशाळा उघडल्या. मुले आल्याने शाळा टिकली. अनुदान महिनोन्महिने रखडे, म्हणून गावातल्या दुकानांत चालणारी कूपने छापली गेली. त्यांवर चे गव्हेरा, मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर गांधीजींचाही चेहरा होता. पैसे आले की दुकानदारांचा हिशेब चुकता होई. अरुंद गल्ल्यांतला कचरा गाढवांवरून गोळा केला जाई. २०१६ मध्ये ‘फॉर्च्युन’ने जगातील ५० नेत्यांच्या यादीत लुकानो यांना स्थान दिले.

मग गुन्हा कसला?

२ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले. स्थलांतरविरोधी नेते मात्तेओ साल्विनी तेव्हा गृहमंत्री होते. आरोप दोन : कागदपत्रांसाठी सोयीचे लग्न जुळवण्याचा प्रयत्न आणि कचऱ्याचे काम निविदेविना स्थानिक सहकारी संस्थांना देणे. पुढे त्यांना स्वतःच्याच गावात राहण्यास मनाई झाली. २०१९ च्या स्थानिक निवडणुकीत ते साधे नगरसेवकही होऊ शकले नाहीत.

मुख्य खटला मात्र हिशेबाचा होता. योजनेत राहण्याची मुदत संपलेल्या लोकांनाही गावात ठेवून त्यांच्या नावे अनुदान घेतले, तसेच त्या पैशांतून ऑलिव्ह तेलाचा घाणा उभारला, असे सरकारी पक्षाचे म्हणणे. मुदत संपली म्हणून मुलाबाळांसह कुटुंबाला रस्त्यावर काढायचे का, हा लुकानो यांचा प्रतिप्रश्न. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा खटला केवळ राजकीय सूड म्हणून झटकून टाकता येत नाही. नियम मोडले गेले होते. प्रश्न शिक्षेच्या प्रमाणाचा होता.

सप्टेंबर २०२१ मध्ये लोक्री येथील न्यायालयाने १३ वर्षे दोन महिने कैद सुनावली. सरकारी वकिलांनी मागितली होती सात वर्षे ११ महिने! ऑक्टोबर २०२३ मध्ये अपील न्यायालयात बहुतेक आरोप गळाले. एका प्रशासकीय आदेशातील खोट्या नोंदीबद्दल दीड वर्षाची शिक्षा उरली, तीही स्थगित. म्हणजे तुरुंगात जावे लागणार नव्हते.

एक पद गेले, दुसरे कसे राहिले?

जून २०२४ मध्ये लुकानो डाव्या-हरित आघाडीतर्फे युरोपीय संसदेवर निवडून आले आणि त्याच वेळी रिआचेचे महापौरही झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दीड वर्षाची शिक्षा कायम झाली आणि गाडे इथेच अडले.

इटलीत २०१२ पासून ‘सेव्हेरिनो कायदा’ आहे. भ्रष्ट लोकप्रतिनिधींना रोखण्यासाठी तो आणला गेला. अधिकाराचा गैरवापर करून केलेल्या गुन्ह्यात सहा महिन्यांहून अधिक शिक्षा अंतिम झाली, तर महापौरपद जाते. संसद सदस्यांसाठी मात्र हीच मर्यादा दोन वर्षांहून अधिक शिक्षेची आहे. दीड वर्ष नेमके या दोन्हींच्या मध्ये येते. त्यामुळे दोन हजार लोकांच्या गावाचा कारभार पाहायला लुकानो अपात्र, पण युरोपचे कायदे करायला पात्र! आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्यात खासदार-आमदारांसाठी सर्वसाधारण मर्यादा दोन वर्षांची आहे; तिथे ‘दोन वर्षे किंवा अधिक’ असा शब्दप्रयोग आहे, एवढाच फरक.

आपल्या निकालपत्रात अधिकाराच्या गैरवापराचा स्पष्ट ठपका नाही, तेव्हा हा कायदा लागूच होत नाही, असा लुकानो यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. युरोपीय संसदेची मुदत २०२९ पर्यंत आहे.