जुना ब्लेड सर्व्हर घेताना तास विचारा

इंदापूरचे आमचे एक कापडव्यापारी मित्र बारामतीला दुकानी आले होते. पुण्यातून जुना ब्लेड सर्व्हर स्वस्तात मिळतोय, तिन्ही दुकानांचा हिशेब एकत्र ठेवता येईल, घेऊ का, असा त्यांचा सवाल. आणखी कोणा व्यापारी बांधवासमोर असा सौदा आला असेल, म्हणून हा खुलासा.

ब्लेड सर्व्हर म्हणजे एका पेटीत शेजारी शेजारी सरकवलेले चपटे संगणक. वीज आणि पंखे सामाईक. पूर्वी एका शाफ्टवर सगळे माग चालत, तसेच. एखादे ब्लेड बंद पडले तर ते दुसऱ्या खणात लावून पाहावे. दोष त्याच्यासोबत गेला तर ब्लेड खराब, जुन्या खणातच राहिला तर पेटीत बिघाड.

मोठे नुकसान मात्र न दिसणाऱ्या दोषाने होते. प्रत्येक भागाच्या पोटात कंपनीने चालवण्याच्या सूचना भरलेल्या असतात, त्यांना फर्मवेअर म्हणतात. जॅकार्डच्या पत्त्यात एक भोक चुकले की सूत कितीही चांगले असो, प्रत्येक साडीत त्याच जागी चूक येते. इथेही तेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजने स्वतःच जाहीर केले की, आपल्या काही एसएसडी ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतात. त्यातली माहितीही परत मिळत नाही. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलांसाठी ४०,००० तासांची सूचना निघाली.

आपण म्हणतो, एक गेली तर दुसरीत नक्कल आहे. पण दोन्ही एकाच दिवशी सुरू केल्या असतील तर दोन्ही जवळपास बरोबरच जाणार! इलाज एकच, मुदत भरण्याआधी नवे फर्मवेअर भरणे.

म्हणून विकणाऱ्याकडून डिस्कचा मॉडेल नंबर, फर्मवेअरचा नंबर आणि चाललेले तास लेखी घ्यावेत आणि कंपनीच्या सूचनेशी ताडून पाहावेत. काही कंपन्या नवे फर्मवेअर वॉरंटी किंवा करार असलेल्यांनाच देतात, हेही आधी विचारावे. नाहीतर स्वस्त माल महाग पडतो. फर्मवेअर भरण्याआधी हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून घरी ठेवावी. भरताना यूपीएस हवाच. आमच्या दुकानात मध्येच लाइट गेली आणि चांगले मशीन कायमचे बसले.

माझ्या मते तीन दुकानांना एक साधा संगणक पुरे. मित्राला पटले नाही. त्यांनी विक्रेत्याला तास विचारले आहेत, उत्तर अजून यायचे आहे.